हेवीवेटांच्या पंक्तीत पहिला पाट कोणाचा?

नॅट फ्लायशर हे न्यूयॉर्कचे पत्रकार. १९२२ साली त्यांनी 'द रिंग' हे मुष्टियुद्धाला वाहिलेले मासिक काढले आणि १९७२ साली मृत्यू येईपर्यंत ते सांभाळले. सर्व काळांतील हेवीवेट मुष्टियोद्ध्यांची जी क्रमवारी त्यांनी लावली तिच्यात पहिले स्थान जॅक जॉन्सनचे होते, जो लुईचे सहावे; आणि महंमद अलीला पहिल्या दहांत बसविण्यास ते अखेरपर्यंत राजी झाले नाहीत. आजच्या बहुतेक याद्यांत अली आणि लुई हेच पहिल्या दोन पाटांसाठी भांडत असतात. एकाच खेळाचे जाणते इतके परस्परविरुद्ध बोलतात, तेव्हा थोरवी मोजण्याचे माप कोणते, हे आधी विचारावे लागते.

विक्रमाचे आकडे हे माप मानावे, तर रॉकी मार्सियानोपुढे कोणी उभा राहू शकत नाही. ४९ लढती, ४९ विजय, आणि १९५६ साली अपराजित निवृत्ती. मॅसॅच्युसेट्समधील ब्रॉक्टनच्या एका इटालियन चर्मकामगाराचा हा मुलगा; आपल्याच पंथाचा म्हणून कॅथलिक वाचकाला त्याच्याविषयी आपुलकी वाटावी हे स्वाभाविक आहे. परंतु त्याने विजेतेपद राखले ते अवघे सहा वेळा, आणि ज्या नामवंतांना त्याने लोळविले त्यांपैकी लुई, वॉलकॉट, आर्ची मूर हे सारे पस्तिशी उलटलेले होते. १९७० साली एका संगणकाने मार्सियानो आणि अली यांची काल्पनिक लढत लावून मार्सियानोला विजयी ठरविले, तेही चित्रपट काढून! यंत्राला जे पढवावे तेच ते बोलते.

आकड्यांमागे आणखी एक अडचण दडलेली आहे. जॉन एल. सलिव्हनने कृष्णवर्णीयांशी लढण्यास सरळ नकार दिला होता. जॅक डेम्प्सीच्या कारकिर्दीत हॅरी विल्स वर्षानुवर्षे आव्हान देत राहिला, त्याला संधी मिळाली नाही. ज्यांना रिंगणात पाऊलच टाकू दिले नाही, त्यांच्या वजा जागा धरून लावलेली क्रमवारी कितपत खरी? जॉन्सनने २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनी येथे टॉमी बर्न्सला हरवून ही भिंत फोडली. त्याला नमविण्यासाठी निवृत्त जेम्स जेफ्रीजला परत आणण्यात आले. ४ जुलै १९१० रोजी रीनो येथे जॉन्सनने त्यालाही हरविले, आणि त्या रात्री अमेरिकेच्या अनेक शहरांत दंगली उसळून माणसे मेली. पुढे अन्याय्य खटल्यात त्याला शिक्षा झाली. तिची माफी मिळाली २०१८ साली, त्याच्या मृत्यूनंतर ७२ वर्षांनी. मात्र हेही नोंदविले पाहिजे की, विजेता झाल्यावर याच जॉन्सनने सॅम लँगफर्ड या थोर कृष्णवर्णीय योद्ध्याला विजेतेपदासाठी लढण्याची संधी दिली नाही.

जो लुईविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. अलाबामातील खंडकरी शेतकऱ्याच्या घरी १९१४ साली जन्मलेला हा मितभाषी माणूस १९३७ ते १९४९ अशी जवळजवळ बारा वर्षे जगज्जेता होता आणि २५ वेळा त्याने ते पद राखले. १९३६ साली जर्मनीच्या माक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत बाद केले, तेव्हा नाझी राजवटीने तो आर्यवंशाचा विजय म्हणून मिरविला. २२ जून १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये सुमारे ७० हजार प्रेक्षकांसमोर दोघे पुन्हा भेटले. लुईने अवघ्या १२४ सेकंदांत लढत संपविली.

गंमत अशी की, ज्याला हिटलरचा प्रतिनिधी समजून लोकांनी हिणविले त्या श्मेलिंगने पक्षाचे सभासदत्व कधीच घेतले नव्हते. त्याचा अमेरिकेतील व्यवस्थापक ज्यू होता आणि दडपण येऊनही त्याने त्याला सोडले नाही. त्याच १९३८ सालच्या नोव्हेंबरात, ज्यूंची प्रार्थनामंदिरे जळत असताना, त्याने एका ज्यू मित्राच्या दोन मुलांना बर्लिनमधील आपल्या हॉटेलच्या खोलीत लपवून ठेवले. ही गोष्ट त्याने स्वतः सांगितली नाही. वाचलेल्या मुलांपैकी एकाने १९८९ साली ती जगापुढे आणली. लुईने १९४२ साली दोन लढतींची आपली कमाई नौदल आणि लष्कर यांच्या साहाय्यनिधींना दिली, सैन्यात भरती झाला, आणि युद्धानंतर करखात्याच्या थकबाकीत असा बुडाला की सदतिसाव्या वर्षी मार्सियानोचे ठोसे खाण्यासाठी त्याला रिंगणात उतरावे लागले. त्या पडत्या काळात पैशाचा हात पुढे करणाऱ्यांत श्मेलिंग होता.

आता अली. सनी लिस्टन, जो फ्रेझियर, जॉर्ज फोरमन: इतके बलाढ्य प्रतिस्पर्धी दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आले नाहीत. ऐन उमेदीची साडेतीन वर्षे, १९६७ ते १९७०, त्याने सैन्यभरतीस नकार देऊन गमावली आणि तरीही १९७४ साली किन्शासा येथे फोरमनला आठव्या फेरीत बाद करून पद परत मिळविले. केवळ रिंगणातील कर्तृत्व पाहिले, तर माझ्या मते पहिला पाट त्याचा, दुसरा लुईचा, तिसरा जॉन्सनचा. मार्सियानोला मी सहाव्या-सातव्या जागी बसवीन. रागावणाऱ्यांनी खुशाल रागवावे.

अलीच्या कारकिर्दीतील एक लढत मात्र आपल्या वाचकांनी विसरू नये. फ्लॉइड पॅटरसन १९५६ साली एकविसाव्या वर्षी जगज्जेता झाला. त्याच वर्षी त्याने कॅथलिक धर्म स्वीकारला होता. १९६५ साली अलीशी लढण्यापूर्वी त्याने आपण कॅथलिक असल्याचा जाहीर उच्चार केला, अलीच्या इस्लामी संघटनेला देशाचा धोका म्हटले आणि त्याला नव्या नावाने हाक मारण्यास नकार दिला. २२ नोव्हेंबरच्या रात्री अलीने त्याला बारा फेऱ्या ताटकळत ठेवून, टोमणे मारीत निष्ठुरपणे झोडपले. दोघांनीही आपापल्या धर्माची शोभा केली असे म्हणता येत नाही. पण पुढच्याच वर्षी, अलीवर चहूकडून निंदेचा वर्षाव होत असताना, याच पॅटरसनने 'एस्क्वायर' मासिकात त्याच्या बाजूने लेख लिहिला. मार खाल्लेल्याने मारणाऱ्याची बाजू मांडावी, हे धैर्य कोणत्या रकान्यात धरायचे?

या खेळाला पवित्र सभेच्या वर्तुळातून विरोधही झाला आहे. २००५ साली रोममधील येशूसंघीयांच्या 'चिविल्ता कातोलिका' या नियतकालिकाने व्यावसायिक मुष्टियुद्धाला कायद्याने मान्य केलेला हत्येचा प्रयत्न ठरविले. हा शब्द कठोर वाटला तरी यादीतील नावांकडे पाहावे. अलीला १९८४ साली पार्किन्सन्सचे निदान झाले. पॅटरसनची स्मृती अशी गेली की, १९९८ साली त्याला न्यूयॉर्कच्या क्रीडा आयोगाचे अध्यक्षपद सोडावे लागले. क्रमवारी लावणारे आपण प्रेक्षक त्या ठोशांत वाटेकरी नाही, असे मला म्हणवत नाही.

पॅटरसन कोणाच्याही पहिल्या पाचांत नसतो, माझ्याही नाही. १९५९ साली स्वीडनच्या इंगेमार योहान्सनने एका फेरीत त्याला सात वेळा खाली पाडून त्याचे पद हिरावले. २० जून १९६० रोजी परतीच्या लढतीत पॅटरसनने पाचव्या फेरीत डाव्या हाताच्या एका ठोशाने त्याला बेशुद्ध केले. गेलेले हेवीवेट पद परत मिळविणारा इतिहासातील तो पहिलाच. पण योहान्सनचा पाय थरथरताना दिसला तेव्हा तो गुडघ्यांवर बसला आणि त्याला आपल्या बाहूंत धरले. पुढे ते दोघे जिवलग मित्र झाले, आणि एकमेकांच्या भेटीसाठी अटलांटिक ओलांडून जात राहिले.