विदर्भातील सेवाभावी संस्था आणि संपर्कमाध्यमे : पावतीपुस्तकापासून संकेतस्थळापर्यंत

प्रस्तावना

सेवाभावी संस्थांनी संकेतस्थळ, समाजमाध्यमे व ऑनलाइन देणगी यांचा परिणामकारक उपयोग कसा करावा, याविषयी अलीकडे विपुल लेखन होत आहे. त्यातील बहुतेक लेखन ही साधने सर्वस्वी नवी आहेत आणि त्यांच्यामुळे उभे राहिलेले प्रश्नही नवेच आहेत, असे गृहीत धरून चालते. इतिहासाच्या अभ्यासकाला हे गृहीतक तपासून पाहावे लागते. दूरच्या अनोळखी माणसाने न पाहिलेल्या कार्यासाठी पैसे का द्यावेत आणि ते पैसे मिळविण्यासाठी दुःखिताचे दुःख किती उघडे करावे, हे दोन प्रश्न संगणकापूर्वीचे आहेत. नागपूर व त्याच्या आसपासच्या जिल्ह्यांतील संस्थांनी त्यांना दिलेल्या उत्तरांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पैसा, पत्र आणि दौरा

असंख्य लोकांकडून अल्प रक्कम गोळा करण्याची कल्पना महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या आरंभीच रुजली होती. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची योजना मांडली, लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली आणि त्या निधीतून तळेगाव येथे काचेचा कारखाना उभा राहिला. देणगी लहान असली तरी तिच्यातून काय उभे राहिले हे देणाऱ्याला डोळ्यांनी पाहता येत होते. पैसा फंडाचे खरे बळ यातच होते.

सेवाकार्य करणाऱ्या संस्थेने स्वतःचे पत्र चालविण्याचे उदाहरण खुद्द नागपुरात घडले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली आणि १९११ मध्ये या समाजाने नागपुरातून ‘हितवाद’ हे इंग्रजी पत्र सुरू केले. पुढे महात्मा गांधींनी हरिजन सेवक संघाच्या कार्याला १९३३ मध्ये ‘हरिजन’ साप्ताहिकाची जोड दिली आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबर रोजी वर्धा येथून अस्पृश्यतानिवारणाचा देशव्यापी दौरा आरंभिला. सुमारे नऊ महिन्यांच्या या दौऱ्यात अंदाजे ८ लाख रुपये जमले. सभेत स्त्रियांनी काढून दिलेले दागिने तेथेच लिलावात निघत, स्वाक्षरीसाठीही मोल द्यावे लागे. पत्र वाचणारा आणि सभेला येणारा हे दोन वेगळे वर्ग होते. छापील शब्द आणि प्रत्यक्ष भेट यांची जी सांगड या दौऱ्यात दिसते, ती पुढील काळातील अनेक संस्थांना साधलेली नाही.

याच नागपुरात कमलाताई होस्पेट व वेणूताई नेने यांनी १९२१ मध्ये मातृसेवा संघाची स्थापना केली. बाळंतपणासाठी घराबाहेर पडणे हेच ज्या काळी संकोचाचे मानले जाई, त्या काळी अशा संस्थेची ख्याती जाहिरातीपेक्षा एका घरातून दुसऱ्या घरात, एका बाईकडून दुसरीकडे पोहोचणेच स्वाभाविक होते.

आनंदवन : व्यथा की काम?

माध्यमांच्या दृष्टीने विदर्भातील सर्वांत महत्त्वाचे उदाहरण म्हणजे आनंदवन. कुष्ठसेवेची परंपरा या भागात आधीपासून होती. मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केले होते आणि अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांचे तपोवन उभे राहिले होते. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना केली आणि १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या माळरानावर विनोबा भावे यांच्या हस्ते आनंदवनाचा आरंभ झाला. हाताशी होते १४ रुपये, एक लंगडी गाय आणि सहा कुष्ठरुग्ण.

त्या काळी कुष्ठरुग्णाची समाजाला परिचित असलेली प्रतिमा एकच होती. रस्त्याच्या कडेला बसून झडलेली बोटे पुढे करणारा भिकारी. भिक्षेचे हे तंत्रही एका अर्थाने माध्यमच म्हणावे लागेल, कारण त्यात व्यथा दाखवून करुणा जागी केली जाते आणि करुणेतून नाणे मिळते. आनंदवनाने हे तंत्र नाकारले. दानाने माणूस दुबळा होतो, कामाने तो घडतो, ही बाबांची धारणा सर्वश्रुत आहे. तिचा माध्यमविषयक अर्थ मात्र क्वचितच लक्षात घेतला जातो. संस्थेने जगासमोर ठेवले ते रुग्णाचे व्रण नव्हेत, त्याने काढलेले पीक, विणलेले कापड आणि तयार केलेली शुभेच्छापत्रे.

हा मार्ग सोपा नव्हता. आरंभी आनंदवनातील भाजी घेण्यास वरोऱ्याचे लोक धजत नसत. १९५० च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे परदेशी स्वयंसेवक येथे बांधकामासाठी आले, रुग्णांबरोबर राहिले, त्यांनी पिकविलेले अन्न जेवले. ते पाहून गावकऱ्यांची भीड हळूहळू चेपली. जे काम कोणत्याही पत्रकाने झाले नसते, ते पंगतीने केले. पुढे पु. ल. देशपांडे यांच्यासारख्या लोकप्रिय लेखकाने आनंदवनाविषयी लिहिले, बोलले आणि मराठी मध्यमवर्गाला वरोऱ्याची वाट परिचित झाली. वाचलेले तपासून पाहण्यासाठी लोक रेल्वेने येत आणि परतताना पावती नेत.

हेमलकसा येथे डिसेंबर १९७३ मध्ये सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाची कथा थोडी निराळी आहे. तेथे पोहोचणेच दुर्घट असल्याने भेटीची जागा दीर्घकाळ लेखनाने भरून काढली. १९९५ मध्ये मोनॅको या चिमुकल्या देशाने डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांच्यावर टपाल तिकीट काढले. भामरागडच्या जंगलातील कार्याची कीर्ती भूमध्य समुद्राकाठी पोहोचली ती डिजिटल माध्यमांच्या आधीच. नंतर ‘प्रकाशवाटा’ हे आत्मकथन, २०१४ चा चित्रपट आणि २०१८ मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’ यांनी प्रकल्प घरोघरी नेला.

संगणक, कायदा आणि देणगीदार

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. सेवाभावी संस्थांची आरंभीची संकेतस्थळे प्रामुख्याने इंग्रजीत होती, यामागे परदेशस्थ देणगीदाराची अपेक्षा जशी होती तशीच मराठी टंकांची अडचणही होती. प्रत्येक फाँटची मांडणी निराळी असल्याने एका संगणकावर लिहिलेला मजकूर दुसऱ्यावर वाचता येत नसे. युनिकोड रूढ झाल्यावरच मराठी वाचकाला त्याच्या भाषेत शोध घेणे शक्य झाले.

२०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून शंभर रुपयांची देणगीही क्षणात पोहोचते. पैसा फंडाचेच हे नवे रूप. मात्र त्याभोवतीची कायद्याची चौकट अधिक काटेकोर झाली आहे. एप्रिल २०१७ पासून २,००० रुपयांवरील रोख देणगीस कलम ८०-जी खालील सवलत मिळत नाही. आता संस्थेला देणग्यांचे विवरण १०-बीडी नमुन्यात ऑनलाइन भरावे लागते आणि त्यावरून तयार होणारे १०-बीई प्रमाणपत्र देणगीदाराला द्यावे लागते. २०२० च्या दुरुस्तीनुसार परदेशी देणगी भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारता येते. त्यामुळे संकेतस्थळावर ‘देणगी द्या’ असे एकच बटण ठेवून भागत नाही. देशी व परदेशी देणगीदारांचे मार्ग आरंभीच वेगळे करावे लागतात. एखाद्या तालुक्याच्या ठिकाणच्या लहान संस्थेला समाजमाध्यमावरील लेखनापेक्षा ही कामे जाणणारा हिशेबनीस अधिक निकडीचा असतो, हे कार्यशाळांतून फारसे सांगितले जात नाही.

विश्वास मात्र अद्यापही जुन्याच रीतीने मिळतो. ‘लोकसत्ता’ने २०११ पासून गणेशोत्सवात चालविलेला ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा उपक्रम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. निवडक संस्थांचा सविस्तर परिचय, वाचकांचे धनादेश, देणगीदारांच्या नावांची प्रसिद्धी आणि जाहीर समारंभात निधीचे हस्तांतर, असे त्याचे स्वरूप राहिले. लेख, पावती, नाव आणि भेट ही साखळी यात अखंड आहे. अनेक संस्थांच्या संकेतस्थळांवर तिची पहिली कडी तेवढी आढळते. पैसे पोहोचल्यानंतर काय झाले, हे सांगणारे पान बहुधा नसते किंवा असले तर काही वर्षांपूर्वीचे असते.

चेहऱ्याचा प्रश्न

निधिसंकलनाच्या आधुनिक आवाहनांत आजारी बालकाचे किंवा अपंग व्यक्तीचे छायाचित्र अग्रभागी असते. भिक्षेचे जे तंत्र आनंदवनाने १९५१ मध्ये नाकारले होते, तेच येथे पडद्यावर परतलेले दिसते. फरक इतकाच की रस्त्यावरचा भिकारी संध्याकाळी उठून जाऊ शकत होता. पडद्यावरचा चेहरा तेथून उठत नाही.

कुष्ठरोगाच्या बाबतीत ही गोष्ट केवळ भावनेची नव्हती. हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून २०१९ पर्यंत टिकून होते आणि १८९८ चा महारोग्यांविषयीचा ब्रिटिशकालीन कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. बहुविध औषधोपचाराने १९८० च्या दशकापासून हा रोग पूर्ण बरा होऊ लागला होता. तरीही बऱ्या झालेल्या माणसाचे जुने छायाचित्र त्याच्या संसाराविरुद्ध पुरावा ठरू शकेल, असा कायदा कित्येक वर्षे अस्तित्वात होता. बालकांच्या बाबतीत २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७४ स्पष्ट आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अनाथालयातील वाढदिवसाची छायाचित्रे नावानिशी प्रसिद्ध करणारे हितचिंतक या तरतुदीविषयी बहुधा अनभिज्ञ असतात.

संमतीचा प्रश्न तर याहून बिकट आहे. उपचारासाठी आलेला, लिहिता-वाचता न येणारा रुग्ण छायाचित्राला मान हलवतो, तेव्हा ती संमती रुग्णालयाच्या भिंतीपुरती असते की जगभर कधीही पाहता येणाऱ्या पानासाठी असते, हे त्याला कोणी समजावून सांगितलेले नसते. माडिया भाषेत ते कसे सांगावे, याचा विचार भामरागडसारख्या भागात काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेला करावा लागेल. संमतीपत्र छापून घेणे त्या मानाने सोपे. दिलेली संमती दहा वर्षांनी परत घ्यावीशी वाटली, तर त्या माणसाने कोणत्या दारावर जावे आणि तेथे त्याचे कोण ऐकेल, याची नोंद संस्थेच्या दप्तरात आधीपासून असावी लागते.