संगणकीय साधनांचे सामायिक वाटप : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
महागडा संगणक अनेकांनी वापरावयाचा, तर तो कोणाला, केव्हा व किती वेळ द्यावयाचा, हा प्रश्न जुनाच आहे. करकंब परिसरात कालव्याच्या पाण्याची 'पाळी' ठरते, तशीच संगणकाचीही पाळी ठरवावी लागते. हा निर्णय माणसाकडून यंत्राकडे कसा गेला, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

रांगेचा काळ :
मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये 'टिफ्रॅक' हा स्वदेशी संगणक कार्यान्वित झाला. १९६४ मध्ये तेथे 'सीडीसी ३६००' हे यंत्र आले आणि अन्य संस्थांतील संशोधकही ते वापरू लागले. छिद्रित कार्डांचा गठ्ठा सुपूर्द करून उत्तराची वाट पाहावयाची, अशी त्या काळची रीत होती.

आभासी यंत्रांचा काळ :
एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालविण्याचे तंत्र आयबीएमने १९६० च्या दशकात विकसित केले. १९७२ मध्ये 'व्हीएम/३७०' ही तिची प्रणाली आली. पुढे व्हीएमवेअर कंपनीने २००३ मध्ये चालू आभासी यंत्र न थांबविता दुसऱ्या सर्व्हरवर हलविण्याची, तर २००६ मध्ये भार पाहून ही हलवाहलव आपोआप करण्याची सोय दिली. अशा प्रणालीत प्रत्येक आभासी यंत्रासाठी किमान राखीव साधने, कमाल मर्यादा आणि टंचाईच्या वेळचा सापेक्ष वाटा निश्चित करता येतो.

पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. २०१९ मध्ये पुण्याच्याच आयसर संस्थेत 'परम ब्रह्म' कार्यान्वित झाला. महासंगणकांवर कामांची रांग आज सॉफ्टवेअरच लावते. अलीकडे अधिक वापर केलेल्या गटाला मागे ठेवण्याचा नियमही त्यात घालता येतो.

निष्कर्ष :
यंत्र वाटपाची अंमलबजावणी करते. परंतु राखीव किती व अग्रक्रम कोणास, हे माणूसच ठरवितो. पूर्वी रांग लावणाऱ्यास जाब विचारता येत असे. आता नियम सॉफ्टवेअरच्या मांडणीत दडलेला असतो. परीक्षा अर्जाच्या अखेरच्या दिवशी संकेतस्थळ मंदावले, तर ग्रामीण विद्यार्थ्यास त्याचे कारण कळत नाही. कालव्याच्या पाळीचा कार्यक्रम शेतकऱ्यास आधी कळवावा लागतो. सार्वजनिक निधीतून उभ्या राहिलेल्या डेटा सेंटरनीही आपले वाटपाचे नियम त्याचप्रमाणे जाहीर करणे अगत्याचे आहे.