न्हाणीघराचा उतार

मागच्या पावसाळ्यात बाथरूममध्ये पाय घसरून आईचं मनगट मोडलं, तेव्हापासून घरात फरशीशिवाय दुसरा विषय नाही. दुकानदार गुळगुळीत टाइल्स दाखवतो, आई म्हणते शहाबादीच हवी, आणि मिस्त्री विचारतोय, शॉवर कुठल्या भिंतीला?

अशा वेळी मला मोहेंजोदडो आठवतं (हसू नका!). साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या घरांत न्हाणीची जागा बहुधा रस्त्याकडच्या बाजूला असे. विटा घासून, एकमेकींना घट्ट भिडवून बसवलेल्या, जमिनीला एका कोपऱ्याकडे उतार, तिथून पाणी थेट गल्लीतल्या गटारात. १९२५-२६च्या उत्खननात मोठं स्नानकुंड निघालं, त्याच्या भिंतींच्या आत तर डांबराचा थर होता. म्हणजे आपलं वॉटरप्रूफिंगच की!

आमच्या बिल्डरने मात्र उतार दाराकडे दिला होता. आई घसरली ती तिथेच साचलेल्या पाण्यावर.

आता फरशी खरखरीत, उतार कोपऱ्यातल्या जाळीकडे, मीटरला दीड सेंटिमीटर, आणि भिंतीला धरायला दांडा. शॉवरचं आईला विचारलं, तर म्हणाली, "बसव बाबा, पण माझी बादली हलवू नकोस."