सर्व्हरवरच्या गुप्त किल्ल्या

संगणकावर गुपिते जपण्याचा इतिहास हा पुष्कळसा ती गुपिते संगणकापाशी ठेवावीच लागू नयेत यासाठी झालेल्या खटपटीचा इतिहास आहे. अमेरिकेतील एमआयटीमध्ये एकाच वेळी अनेकांना वापरता येणाऱ्या सीटीएसएस या प्रणालीत सर्वांचे पासवर्ड एका फाइलीत उघडे लिहिलेले असत, आणि १९६६ मध्ये एका चुकीमुळे दैनंदिन सूचनेच्या जागी तीच फाइल प्रत्येकाच्या टर्मिनलवर उमटली. त्याच दशकात केंब्रिजच्या रॉजर नीडहॅम यांनी पासवर्डाऐवजी त्याचे एकमार्गी रूप, म्हणजे ज्यावरून मूळ शब्द उलट काढता येत नाही असे गणिती रूप, साठवण्याचा मार्ग दाखवला. बेल लॅब्जमधील रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्पसन यांच्या १९७९ च्या निबंधात त्याला ‘सॉल्ट’ची, म्हणजे प्रत्येक पासवर्डात मिसळावयाच्या वेगळ्या यादृच्छिक अंशाची, जोड मिळालेली दिसते. निदान भक्कम पासवर्डांपुरता तरी प्रश्न सुटला होता.

द्विस्तरीय पडताळणीने तो पुन्हा उभा केला, आणि याची चर्चा व्हावी तितकी होत नाही. २०११ च्या टीओटीपी या मानकानुसार वापरकर्त्याचा फोन आणि संकेतस्थळाचा सर्व्हर या दोघांकडे एकच गुप्त किल्ली असते. तिच्यावरून व चालू वेळेवरून दोन्हीकडे स्वतंत्रपणे, बहुधा दर ३० सेकंदांनी, नवा अंकसंच तयार होतो आणि सर्व्हर दोन्ही ताडून पाहतो. त्यासाठी मूळ किल्लीच हाताशी लागत असल्यामुळे तिचे एकमार्गी रूप निरुपयोगी ठरते.

अशा साठ्याचा धोका त्याच वर्षी दिसला. मार्चमध्ये आरएसए कंपनीत घुसखोरी होऊन ‘सेक्युअरआयडी’ टोकनांविषयीची, म्हणजे बदलते अंक दाखवणाऱ्या खिशातल्या उपकरणांविषयीची, माहिती चोरीस गेली. ग्राहकांची टोकने त्यांच्याच खिशात सुरक्षित होती. फुटली ती ती बनवणाऱ्याकडची माहिती, आणि लॉकहीड मार्टिन या संरक्षण कंपनीवरील हल्ल्यात तिचा वापर झाल्याचे आरएसएने जूनमध्ये मान्य केले.

टीओटीपीच्या मानकाचा सल्ला असा, की किल्ल्या कूटबद्ध करून ठेवाव्यात, शक्यतो छेडछाड-रोधक यंत्रात ठेवाव्यात आणि पडताळणीपुरत्याच क्षणभर उलगडाव्यात. मात्र उलगडणारी किल्ली त्याच डेटाबेसात ठेवली, तर ही सारी व्यवस्था व्यर्थ आहे. याउलट, वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने मार्च २०१९ मध्ये मान्यता दिलेल्या वेबऑथन या लॉगिनच्या मानकात सर्व्हरकडे केवळ सार्वजनिक किल्ली राहते. खासगी किल्ली संकेतस्थळाला कधीच दिली जात नाही.