गणतीचा खर्च कोणी द्यायचा?

प्रस्तावना

शहरातल्या पाणथळ जागेचे पुनरुज्जीवन करायचे ठरले, की अंदाजपत्रकात काय काय येणार हे आधीच सांगता येते: गाळ उपसणे, जलपर्णी काढणे, कुंपण, पायवाट, दिवे, माहितीफलक. या सगळ्याचे पुढे तिथल्या पक्ष्यांवर आणि झाडोऱ्यावर काय परिणाम झाले, हे दरवर्षी नोंदवायला मात्र बहुतेक वेळा लेखाशीर्षच नसते. काम झाले, फीत कापली, आणि फायद्याचे ठरले की तोट्याचे हे पाहायला कोणी उरले नाही, असे वारंवार घडते. हे पुस्तक त्या न लिहिलेल्या रकान्याविषयी आहे. पक्षीनिरीक्षक, वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी, पालिकेतले अभियंते आणि कंपन्यांचा सामाजिक निधी हाताळणारे अधिकारी, सगळ्यांचे इथे स्वागत. शेवटच्या दोघांचे जरा जास्तच, कारण ते या बाजूला क्वचित फिरकतात.

नोंदी कशाला हव्यात, हे ठाणे खाडीइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल. 2015 साली तिथे रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य जाहीर झाले आणि 2022 साली खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत गुलाबी थवे पाहायला लोक ऐरोलीहून बोटीने जातात. थवे मोठे, म्हणजे खाडी सुदृढ, असे सहज वाटते. पण छोटा रोहित चोचीने पाणी गाळून सूक्ष्म शेवाळ खातो आणि ते शेवाळ फोफावते सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांवर. म्हणजे ज्या घाणीची आपण तक्रार करतो, तिच्यावरच या पाहुण्यांची काही अंशी बडदास्त चालते. निव्वळ रोहित मोजून खाडीला प्रशस्तिपत्र देता येत नाही.

झाडांचेही तसेच. कांदळवनांना न्यायालयाचे संरक्षण मिळाले, राज्य सरकारने 2012 साली कांदळवन कक्ष स्थापन केला, आणि हे फार चांगले झाले. उपग्रहाच्या चित्रात हिरवा रंग वाढला की अहवाल लिहिणारा खूश होतो. पण खाडीत गाळ साचत जातो, त्यावर तिवर पुढे सरकते आणि उघडा चिखलपट्टा आक्रसतो. तुतारी, चिखल्या यांसारख्या किनारी पक्ष्यांना चरायला तोच उघडा चिखल लागतो. हिरवळ वाढली ही बातमी एकासाठी चांगली, दुसऱ्यासाठी वाईट. पक्ष्यांची वही एका संस्थेकडे आणि वनस्पतींची दुसऱ्या संस्थेकडे असेल, तर दोन्ही वह्या खऱ्या असूनही त्यांतून निघणारा निष्कर्ष खोटा ठरू शकतो. म्हणून दोन्हींसाठी पैसा एकत्र मागावा, हा या पुस्तकाचा आग्रह आहे.

प्रत्यक्ष काम दिसते तितके सोपे नाही. ओहोटीला पक्षी चिखलावर पांगतात, भरतीला मिठागरांत किंवा जवळच्या तळ्यांत गोळा होतात. त्यामुळे तारीख ठरवण्याआधी पंचांगात उधाण आणि भांग पाहावे लागतात. गेल्या महिन्यात ओहोटीला मोजले आणि या महिन्यात भरतीला, तर आकड्यांतला फरक पक्ष्यांचा नसतो, पाण्याचा असतो. थव्यातला दहांचा गट नजरेत बांधायचा, तोच पुढे सरकवत शंभर, पाचशे करत जायचे, आणि शेजारी उभ्या दुसऱ्या निरीक्षकाने आपला आकडा मोठ्याने बोलायचा नाही. वनस्पतींसाठी दहा मीटर लांबी-रुंदीची चौकट आखायची, बुंध्याचे घेर घ्यायचे, श्वसनमुळे तुडवली जाणार नाहीत असे पाय टाकत रोपे मोजायची. पुढच्या वर्षी नेमकी तीच चौकट सापडली पाहिजे. खुंट्यांवर विसंबून चालत नाही, त्या भरतीबरोबर जातात.

या कामात सगळ्यात मोठा खर्च माणसांचा, आणि तोच द्यायला कोणी तयार नसते. ड्रोनला पैसे मिळतात, नावाड्याला मिळत नाहीत. त्यात मार्चएंड! आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते, तेव्हा रोहित अजून खाडीत असतात आणि किनारी पक्षी उत्तरेला परतण्याच्या तयारीत. नेमक्या त्याच दिवसांत जुना हप्ता संपलेला, नवा मंजूर व्हायचा असतो. कंपनी कायद्यानुसार नफ्याच्या दोन टक्क्यांतून येणारा निधी उपयोगी आहे, पण त्यातला चालू प्रकल्पही सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांपलीकडे नेता येत नाही. कांदळाचे रोपटे तेवढ्यात जेमतेम धरते. शिवाय काम सुरू होण्याआधीचे वर्ष, ज्याला आम्ही शून्य वर्ष म्हणतो, त्याचा पैसा बहुधा मागितलाच जात नाही. मग तुलना कशाशी करणार?

पूल, बंदर, रस्ते यांच्या परवानगीच्या अटींतून येणारा पैसा दीर्घ पल्ल्याचा असू शकतो. मात्र ज्याच्या कामाची झडती घ्यायची तोच पगार देतो, ही अडचण उरते. पैसा त्रयस्थ संस्थेकडे ठेवावा आणि कच्च्या नोंदी सर्वांना खुल्या कराव्यात, याहून चांगला उपाय मला दिसत नाही.

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दक्षिण टोकाला 2003 साली विकत घेतलेल्या मिठागरांचे उदाहरण इथे मुद्दाम अभ्यासण्यासारखे आहे. किती मिठागरे भरतीच्या दलदलीला परत द्यायची, हे तिथे आधी ठरवून टाकले नाही. निम्म्यापासून नव्वद टक्क्यांपर्यंत मोकळीक ठेवली आणि प्रत्येक टप्प्यावर पक्ष्यांच्या नोंदी पाहून पुढचा निर्णय घ्यायचे ठरवले. कारण उघड्या मिठागरांवरही काही पक्षी अवलंबून होते. भांडुप-कांजूरच्या मिठागरांवर बोलताना आपल्याकडे इमारती की कांदळवन एवढाच वाद होतो. पाणी धरणारे उघडे मिठागर हा तिसरा पर्याय कोणी मांडत नाही.

ज्यांना लगेच कामाला लागायचे आहे त्यांनी शून्य वर्षाच्या अंदाजपत्रकाचे प्रकरण आधी उघडावे. त्यात नावाड्याची मजुरी, गमबूट आणि एप्रिल-मेचा राखीव निधी या तीन ओळी सुरुवातीलाच आहेत. मंजुरीच्या वेळी नेमक्या याच ओळींवर काट मारली जाते, तेव्हा त्यांचे समर्थन कसे करायचे तेही तिथेच सापडेल.