दुष्काळांतील यमुना

‘कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला’ हा फडके-खांडेकरांच्या काळीं गाजलेला वाद आतां इतका जुना झाला आहे कीं, त्याचा पुन्हां उच्चार करण्यास आम्हांस संकोच वाटतो. तथापि हाच वाद ऐन नाचतां नाचतां जिला स्वतःशीं घालावा लागला, अशा एका कलावतीचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

चंद्रलेखा यांचा जन्म १९२८ सालीं महाराष्ट्रांतील वाडा येथें झाला. कायद्याचा अभ्यास अर्धवट सोडून त्या मद्रासेस गेल्या आणि कांचीपुरम् एल्लप्पा पिळ्ळै यांच्यापाशीं भरतनाट्यम् शिकल्या. १९५२ मध्यें त्यांनीं रंगभूमीवर प्रथम पदार्पण केलें. कार्यक्रम होता रायलसीमेंतील दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीं, आणि अभिनयाचा विषय होता मथुरेच्या गोपी व दुथडी भरून वाहणारी यमुना! पाण्याचा तो विलास हस्तमुद्रांनीं दाखवितांना वर्तमानपत्रांत पाहिलेल्या भेगाळलेल्या भुईचीं चित्रें त्यांच्या डोळ्यांपुढें उभीं राहिलीं, आणि त्या क्षणभर जागच्या जागीं थिजल्या. प्रेक्षकांस त्याचा पत्ता लागला असो वा नसो, त्यांच्या पुढील साऱ्या आयुष्याचें बीज त्या एका क्षणांत पडलें, असें आम्हांस वाटतें.

मात्र तें बीज रुजावयास फार काळ लागला. ‘देवदासी’ (१९६०) व ‘नवग्रह’ (१९७२) या रचना झाल्या. त्यानंतर बारा वर्षें त्या नृत्यापासून जवळजवळ दूरच राहिल्या. लेखन, भित्तिचित्रें आणि स्त्रियांच्या चळवळी यांत त्यांनीं तो काळ घालविला. १९८४ सालीं मुंबईंत पूर्व-पश्चिम नृत्यमेळावा भरला, त्यानें त्यांस पुन्हां नृत्याकडे ओढून आणिलें, आणि पुढल्याच वर्षीं ‘आंगिक’ ही रचना लोकांपुढें आली. तींत देवादिकांची कथा नव्हती. भरतनाट्यम्‌च्या जोडीस केरळांतील कळरिपयट्टु ही युद्धकला होती, आणि केंद्रस्थानीं होतें मनुष्याचें शरीर.

‘लीलावती’ (१९८९) या रचनेंत तर त्यांनीं भास्कराचार्यांचें गणितच नाचविलें. ज्या भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांच्या नातवानें खानदेशांत पाटण येथें मठ स्थापिला, त्यांचे भ्रमर आणि कमळें रंगमंचावर अवतरलेलीं पाहून महाराष्ट्रीयांस विशेष आनंद व्हावा. ‘श्री’मध्यें वांकल्या पाठीच्या स्त्रिया रंगमंचावरून चालत जातात, त्यांत जें दुःख आहे तें सांगण्यास शब्दांची गरज पडत नाहीं. ‘शरीर’ (२००१) ही त्यांची अखेरची रचना.

शाळा काढून पदव्या वांटण्याच्या मार्गास त्या गेल्या नाहींत. मद्रासेंतील समुद्रकांठच्या आपल्या घरीं, रचनेच्या तालमींतूनच त्यांनीं शिष्यांस घडविलें.

या मार्गानें नृत्याचें कांहीं गमावलें नाहीं काय? आमच्या मतें गमावलें. पदांतील विरह, लटका राग, वात्सल्य या भावांचा सूक्ष्म अभिनय हें भरतनाट्यम्‌चें मोठें धन आहे, आणि चंद्रलेखांच्या रचनांत त्यास जवळजवळ थारा नाहीं. परंतु हा त्याग अज्ञानाचा नव्हता. बालसरस्वतींच्या अभिनयाविषयीं त्यांस नितांत आदर होता. मोल ओळखून केलेल्या त्यागाची टीका करतांना टीकाकारानेंही थोडें थांबलें पाहिजे.

आणखी एक गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. १९५२च्या त्या प्रश्नाला उत्तर म्हणून दुष्काळावर एखादें करुण नृत्य बसविणें सोपें होतें. टाळ्याही पडल्या असत्या. तो मार्ग त्यांनीं पत्करला नाहीं. विषय बदलून भागणार नाहीं, नाचणाऱ्या देहाचा जगाशीं असलेला संबंधच बदलला पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें. ३० डिसेंबर २००६ रोजीं त्या निवर्तल्या. कलेनें जीवनाचें चित्र काढावें कीं नाहीं, हा वाद चालूंच राहील; पण कलावंतानें नाचतांना डोळे मिटूं नयेत, एवढें तरी या चरित्रानें निश्चित ठरविलें आहे.