आजारपण लाभ : दावा नामंजूर झाल्यास

कर्मचारी राज्य विमा योजनेतील कामगाराला, डॉक्टरांनी काम करण्यास असमर्थ ठरवलेल्या दिवसांसाठी मिळणारी रोख रक्कम म्हणजे आजारपण लाभ. ती सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के असते आणि वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस मिळते. नव्या आजारपणातले पहिले दोन दिवस साधारणपणे धरले जात नाहीत. योजनेचा पाया १९४८ च्या कायद्याने घातला. योजना १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. मासिक २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार तिच्यात येतात.

कामगारांच्या बोलण्यात याला ‘सिक’वर जाणे म्हणतात. सिक सर्टिफिकेट विमा दवाखान्यातून मिळते, पैसे मात्र कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या शाखा कार्यालयातून. दाव्याची अडचण बहुतेक या दोन ठिकाणांच्या मधल्या नोंदींत असते. आजाराबद्दल कोणाला शंका नसतानाही दावा परत येतो, कारण कार्यालय पाहते ते योजनेसाठी पगारातून कापलेल्या वर्गणीचे दिवस. एप्रिल ते सप्टेंबरमधील वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमधला हक्क ठरतो आणि ऑक्टोबर ते मार्चमधील वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमधला. त्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी. म्हणजे फेब्रुवारीत कावीळ झालेल्या कामगाराने जानेवारीची पगारपावती दाखवून उपयोग नाही. आधीच्या एप्रिल ते सप्टेंबरच्या पावत्या काढाव्या लागतात. नवीन कामगाराला पहिले नऊ महिने रोख लाभ नसतो, उपचार मात्र मिळतात. त्याची पहिली सहामाही अपुरी असेल आणि कामाचे उपलब्ध दिवस १५६ हून कमी असतील, तर त्यांच्या निम्म्या दिवसांची वर्गणी पुरते. ही सवलत अनेकांना माहीतच नसते.

मदत करणाऱ्याने पहिल्या भेटीत दोनच गोष्टी मागाव्यात : नकाराचे लेखी कारण आणि कामगाराच्या विमा क्रमांकावरचा महिनावार वर्गणीचा तपशील. खिडकीवर तोंडी ऐकलेल्या ‘बसत नाही’ला उत्तर देता येत नाही. कारण लेखी मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. महामंडळाच्या कार्यालयांत दरमहा भरणाऱ्या ‘सुविधा समागम’मध्येही तक्रार मांडता येते.

तपशील पगारपावत्यांशी ताडून पाहिल्यावर कधी दिसते की वर्गणी पगारातून कापली, पण भरली गेली नाही, किंवा कमी दिवसांची भरली. ठेकेदाराकडच्या कामगारांनी हे विशेष तपासावे. वर्गणीची जबाबदारी मूळ मालकावरही असते. मालकाच्या चुकीमुळे हक्क बुडत असेल तर महामंडळ कामगाराला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते, अशी तरतूद १९४८ च्या कायद्याच्या कलम ६८ मध्ये होती. वर्गणी कापलेल्या पगारपावत्या जोडून या तरतुदीच्या आधारे अर्ज करावा. मालकाने बुडवलेल्या पैशाची शिक्षा आजारी माणसाने भोगू नये, हे कायद्याने ओळखले आहे. कार्यालयात त्याची आठवण करून द्यावी लागते.

दुसरी कारणे वैद्यकीय असतात : प्रमाणपत्रांत पडलेला खंड, खासगी डॉक्टरांचा दाखला, सिकच्या दिवशी हजेरीपटावर लागलेली हजेरी. त्या दिवशी खरोखर काम केले असेल किंवा पगारी रजा घेतली असेल, तर लाभ मिळत नाही. हजेरी चुकीची असेल तर मालकाकडून लेखी दुरुस्ती आणावी. अपघातानंतर थेट जवळच्या खासगी रुग्णालयात नेलेल्या माणसाजवळ विमा दवाखान्याचा दाखला नसणारच. अशा प्रसंगी परिस्थिती पाहून इतर पुरावाही स्वीकारता येतो. भरती व डिस्चार्जची कागदपत्रे म्हणूनच जपावीत. क्षयरोग, कर्करोग अशा दीर्घ आजारांना ८० टक्के दराने अधिक काळाचा वेगळा लाभ आहे. दावा चुकीच्या सदरात गेला नाही ना, हेही पाहावे.

रोख लाभ नाकारला म्हणून दवाखान्यात जाणे थांबवू नये. प्रमाणित आजारपणात कामावरून काढण्यास कायद्याने आडकाठी घातली आहे, आणि तो आधार प्रमाणपत्रांवरच उभा असतो.

कार्यालयात निकाल लागला नाही तर कर्मचारी विमा न्यायालय आहे. १९४८ च्या कायद्यानुसार दावा देय झाल्यापासून बारा महिन्यांत मागावा लागत असे आणि न्यायालयात अर्ज तीन वर्षांत करावा लागत असे. कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर ६० दिवसांत उच्च न्यायालयात अपील होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली; तिच्यातही हे न्यायालय कायम आहे, मात्र अर्जात कलम लिहिताना नवा क्रमांक तपासावा. जुन्या कायद्याने इथे वकिलाची सक्ती केली नव्हती. कामगाराने लेखी अधिकार दिला की नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारी त्याच्यासाठी उभा राहू शकत होता. न्यायालयाच्या परवानगीने भाऊ, बायको किंवा शेजारीही.